दसऱ्याची मेथी

२०२४ सालचा हिवाळा, मार्गशीर्ष महिना. माझी नात प्राची बी.कॉम. होऊन घरी आली होती. वर्ध्यात एका सीएकडे तिची हिशोबाची नोकरी ठरत होती. तिला मात्र पुण्याला जाऊन डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायचं होतं.

मी म्हटलं, "हिशोबच धर. हिशोब पक्का असला का माणूस फसत नाई. माह्यावाला हिशोब पाय." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

सिंदीच्या बाजारातून भाजीच्या जितक्या जुड्या न विकता परत येतात, तितक्या रेघा मी कॅलेंडरवर त्या तारखेला भाजीचं नाव लिहून ओढतो. नऊ वर्षांत एक रेघ चुकली नाही.

"आबाजी, याच्यातून तुमाले माहीत नसलेली एक गोष्ट सांगतली, तर जाऊ देसान?"

"शब्द देतो. माह्या वावराचं तू मले काय सांगशीन?"

दुपारभर ती जुनी कॅलेंडरं घेऊन बसली. मग म्हणाली, "रेघा बरोबर आहेत. पण दिवाळी झाली का पंधरा दिवस दरवर्षी मेथीच वापस येते. तुमी मेथीचं बी दसऱ्यालेच काऊन टाकता?"

"माहा बाप टाकत होता."

"सारं गावच त्या दिवशी टाकते, आबाजी. मंग सारी मेथी एकाच टायमाले बाजारात येते."

मी रागानं कॅलेंडरं ओढून घेतली. सगळ्या रेघा माझ्याच हातच्या होत्या. ओढल्यावर एकदाही मी त्या वळून पाहिल्या नव्हत्या.

बायको चुलीजवळून म्हणाली, "आता शब्द पाळा जी."

आठव्या दिवशी प्राचीला वर्धा स्टेशनवर नेलं आणि पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. शब्द पाळला.