शेततळ्याच्या काठावरची लाभार्थी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, प्रगतिशील शेतकरी आणि सोसायटीचे चेअरमन माननीय शिवराजदादा, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते कृषी अधिकारी श्रीनिवास साहेब, आणि गारखेड्याच्या या मंगल कार्यालयात जेवणापर्यंत थांबायचं ठरवूनच आलेल्या बंधुभगिनींनो,

साहेबांची बदली मुदतीआधी झाली. त्या बदलीसाठी ज्यांनी मुंबईच्या खेपा घातल्या, त्यांनीच आज हारही आणला आणि शालही. एवढा जिव्हाळा दुसऱ्या कुठल्या खात्यात बघायला मिळतो?

साहेबांचा अपराध काय? अनुदान कुणाला मिळालं, ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचे. नुसतं नाव नाही, प्रकरणाला जोडलेला फोटोही पडद्यावर दाखवायचे. आता मला सांगा, लग्नात मामांनी आहेर केला की आपण माईकवरून पुकारतो. मग सरकारी आहेर पुकारला तर कुणाची इज्जत जाते?

जाते. मी स्वतः पाहिली आहे.

कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामसभा होती. पडद्यावर काठोकाठ भरलेलं शेततळं आलं, आणि काठावर पदर सावरून उभ्या चतुराबाई. साहेब कौतुकानं म्हणाले, “मावशी, तळं झकास झालंय तुमचं.”

चतुराबाई उठल्या. “झकासच हाय, साहेब. पन ते शिवराजदादाचं हाय. मी तिथं निंदायला-खुरपायला जाते. दादा म्हनले, काठावर उभ्या ऱ्हा, फोटू काढू. मला वाटलं, म्हातारीची हौस करून ऱ्हायलेत.”

“आन् पैसे?” मागून कुणीतरी विचारलं.

“अंगठा घेतला व्हता. निराधाराच्या पगारीचा म्हनून.”

सभा हसली. दादाही हसले, मन मोठं आहे त्यांचं. चतुराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. कारण त्यांनी स्वतःच्या कोरड्या रानात तळं व्हावं म्हणून अर्ज केला होता, आणि तो परत आला होता: ‘आपणांस लाभ यापूर्वीच मिळाला आहे.’ सरकारदरबारी बाईचं तळं तुडुंब आहे, रानात मात्र पाखरालाही चोच बुडवता येत नाही.

साहेबांनी चौकशी लावली. ती पुरी व्हायच्या आत बदलीचा आदेश आला. नवे साहेब म्हणे नावं वाचणार नाहीत. लाभार्थ्यांच्या खासगीपणाला धक्का लागतो. चतुराबाईंचा खासगीपणा एवढा जपला गेला की खुद्द त्यांनाही पत्ता नव्हता.

अध्यक्षमहोदय, आपण घड्याळ पाहताय. आवरतोच.

मघाशी दारात चतुराबाई भेटल्या. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्यात. म्हणाल्या, “भाऊ, साहेब चालले. आता नवे साहेब माह्या रानात पाय ठेवतील का?” मी म्हणालो, “मावशी, कठीण दिसतंय.” त्यावर त्या म्हणाल्या, “मंग ह्याच साहेबासमोर, समद्यांसमोर एकदा बोलू द्या मला. उद्या कोन ऐकतंय?”

कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नाही. माझं आहे, आणि माझी काही मिनिटं शिल्लक आहेत.

संयोजकांचे, आचाऱ्यांचे आणि एवढं ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलताना पायरी सोडली असेन तर पोटात घाला. साहेब, आपण जरा बसून राहावं. चतुराबाई, या पुढं. आणि माईकवाले भाऊ, व्यासपीठावरून कुणीही खूण केली तरी आवाज कमी करू नका.