सीटला एरंडेल

जळगावच्या एका वॉशिंग सेंटरवर माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते. समोर त्यांची नवी गाडी चारही दरवाजे उघडून उभी.

"नाना, लेदरच्या सीटला एरंडेल कोण लावतं?"

"मी! पोळ्याले बैलांच्या घुंगुरमाळेले लावतोच ना? चामडं ते चामडंच शे."

"त्या चामड्यात तेल मुरतं. हे वरच राहतं. आता ते फोम लावून, मऊ ब्रशनं काढताहेत बघा. आणि काल मला बघायला आलेल्या हितेंद्रच्या वडिलांना तुम्ही त्याच्यावर बसवलं, पांढऱ्या पायजम्यात!"

"पाहुण्यांना भडगावपर्यंत सोडायचं नाही का मग?"

"उतरले तेव्हा पायजमा मागून अख्खा पिवळा! आणि मला हितेंद्र आवडलाय, नाना."

"आवडलाय? मग आधी सांगायचं ना, टॉवेल टाकला असता!"

"फोन वाजतोय. भडगावचाच! उचला, उचला!"

"रामराम, अमृतआबा! हां, एरंडेलच... काय सांगता! बरं, बरं, रविवारी!"

"काय म्हणाले? नाना, बोला ना!"

"होकार शे, भाविका! होकार!"

"खरंच? आणि पायजमा?"

"त्याचं नावच नाही काढलं. वासावरून तेल ओळखलं त्यांनी. त्यांच्या गाडीच्या सीट उन्हानं तडकल्यात. आज सकाळीच एरंडेल चोळलं म्हणे, बठ्ठ्या, पुढच्या-मागच्या सीटांना!"

"अरे देवा! आणि रविवारी काय?"

"लग्नाची बोलणी करायची, म्हणून आपल्याले न्यायला तीच गाडी येणार शे."

"मग पांढरं घालू नका हं, नाना."

"पांढरंच घालणार! ते बोलले का काही? मग आपणबी नाही बोलायचं."