आवाज दुसऱ्या गेअरला होतो

...आणि तुम्हाला सांगतो, मुंबईहून उघडी, दोनच माणसांची, शर्यतीत पळवतात तसली गाडी घेऊन माणसाने मुरूडला येऊ नये. आलाच तर तिला आवाज असू नये, आणि असलाच तर निदान लोकांना विचारू नये! आवाज दुसऱ्या गेअरला होतो, एवढं साधं. पहिल्याला गप्प, तिसऱ्याला गप्प, पण आगरदांड्याकडून येताना घराजवळचा उतार लागला, मी दुसरा टाकला, की जात्यात खडे भरडल्यासारखी घरघर... अर्ध्या गावाला कळायचं, वकील आले. घरात बायकोला, केसरला कळायचं. ती तेवढ्यात चुलीवर चहाचं आधण ठेवायची, मी दारात गाडी बंद करतो तोवर कपबशी हातात. सोय होती, नाही म्हणत नाही. पण केसर गेली त्याला वर्ष झालं, आणि गाडी आपली उतारावरून वर्दी देतेच आहे... कुणाला? म्हणून ठरवलं, हा आवाज बंद करायचा.

तर शेजारचा भागोजी वाकून बघतो न् म्हणतो, 'वकीलसाहेब, चाकात वंगण न्हाय.' अरे, चाक सगळ्याच गेअरला फिरतं, आवाज दुसऱ्या गेअरला होतो! पलीकडून सखुबाई, 'नजर लागली हाय, मिरच्या ओवाळा.' ओवाळल्या. ठसका मला लागला, आवाज दुसऱ्या गेअरला होताच.

शेवटी आगरदांड्याचा सिराजुद्दीन. धक्क्यावरच्या लाँचचं इंजिन सांभाळतो, होड्याही दुरुस्त करतो. गाडीखाली शिरला, खालूनच म्हणतो, 'वकीलसाब, गेअरची पेटी कोरडी हाय. सांध्यातना तेल गेला सगला.' बरं वाटलं हो, गेअर म्हटल्यावर गेअरच बघणारा माणूस भेटला! म्हटलं, कर बाबा, आणि खाडीकडे बघत बसलो, तिथे चुकलं. परत येतो तर काय, होडीच्या फटी बुजवतात तसा सांध्यात कापूस ठोकलेला, वर राळ, आणि पेटीत... मुशी माशाचं तेल! होडीच्या फळ्यांना चोपडतात ते, ज्याच्या वासाने माणूस वारा बघून जागा बदलतो. 'अरे, हे मोटारीत घालतात?' तर म्हणतो, 'या तेलान लाकूड कुरकुरायचा थांबतो, लोखंडाची काय बिशाद?'

निघालो. उतारावर दुसरा टाकला आणि... काही नाही. पुन्हा तिसरा टाकला, पुन्हा दुसरा टाकून बघितला. काही नाही. फक्त तेल तापलं, आणि गाडीबरोबर सुक्या मासळीचा आख्खा बाजार उतार उतरला. दारात येतो तर पायरीवर आळीतली सगळी मांजरं, शेपट्या उभारून, माझी वाट बघत!

सिराजुद्दीन म्हणतो, मुंबईचं तेल आणा, बदलून देतो. बदलू, घाई काय आहे? हल्ली घरात शिरलो की आधी मांजरांचं दूध कोमट करतो... आणि मग त्याच चुलीवर माझं आधण ठेवतो.