मावशींच्या गुडघ्याचं औषध

तनुजा : खोका बघा हैदरभाई, मला समजावू नका. ही खूण कसली आहे?

हैदर : हळू बोला वहिनी. तुमच्या सासूबाई खालीच भाजी विकत बसल्यात पायरीपाशी. हात मेथीत असतो, पण कान सगळे दुकानात असतात मावशींचे.

तनुजा : म्हणून तर आवाज दाबून विचारतेय. तपकिरी त्रिकोण. म्हणजे मांसाहारी ना?

हैदर : हो. पण हा खोका आणलात कुठून?

तनुजा : सिडकोतल्या मेडिकलमधून. त्यांची गुडघ्याची गोळी संपलीय, तुमच्याकडं माल आला नव्हता, म्हणून काल ऑफिसातून येताना तीच घेतली. तुम्ही तर कधी खोका दिलाच नाही. नुसती बाटली, तीही वरून चिठ्ठी डकवलेली, 'सकाळ-संध्याकाळ'.

हैदर : मावशीच खोका टाकून देतात इथं. ओझं कशाला म्हणतात. मी लपवलं असं वाटतंय का तुम्हाला?

तनुजा : मला काय वाटायचं ते नंतर. आधी सांगा, आत आहे काय?

हैदर : कानाचा वरचा भाग धरून बघा तुमच्या. वाकतो, पण मोडत नाही. त्याला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात दोन हाडांच्या मधी तीच असते, गादीसारखी. तिच्यात एक पदार्थ असतो, तो पाणी धरून ठेवतो. उभं राहिलं की गादी दबते, बसलं की परत फुगते. वय झालं की ती झिजते, हाडावर हाड घासतं, सूज येते.

तनुजा : आणि गोळी?

हैदर : गोळीत तोच पदार्थ. त्याची काही नवी गादी तयार होत नाही हां, कुणी सांगितलं तरी मानू नका. पोटातून थोडासाच रक्तात उतरतो. पण सूज कमी करतो, गादी कुरतडणारी रसायनं असतात त्यांना जरा आवर घालतो, असं म्हणतात. दोन-तीन महिने घ्यावा लागतो. काही डॉक्टर तर म्हणतात, काहीच होत नाही त्यानं.

तनुजा : तो पदार्थ येतो कुठून, ते विचारतेय मी.

हैदर : जनावराच्या कूर्चेतून.

तनुजा : कुठल्या?

हैदर : तेच सांगायचंय मला! कोणी गाईगुरांच्या कूर्चेतून काढतं, कोणी डुकराच्या. माझ्या अम्मीला पण गुडघ्यांचा त्रास आहे, मला ठाऊक नाही का? डुकराचं मी दुकानात शिवत नाही. आणि मावशी पडल्या हिंदू, त्यांना गाईचं कसं देऊ? कंपनीला किती फोन केले विचारा. त्यांची माणसं वैतागली. शेवटी खात्री करून मोठ्या समुद्री माशाचं मागवलं, दोघींना एकच. म्हटलं, कुणाचं काही बिघडत नाही.

तनुजा : माशाचं?

हैदर : शंभर टक्के.

तनुजा : आम्ही महानुभाव आहोत हो! सासूबाई उपदेश घेतलेल्या आहेत. आमच्या घरात अंडं येत नाही आणि तुम्ही मासा घेऊन बसलात!

हैदर : तौबा. मग सत्यमभाई?

तनुजा : सत्यमचं काय?

हैदर : काही नाही.

तनुजा : हैदरभाई, माझ्या नवऱ्याचं काय?

हैदर : येतात ना माझ्याबरोबर बुढी लेनला. मटणाचा नान-खलिया खायला. मला वाटलं, घरात चालत असेल.

तनुजा : सत्यम खलिया खातो?

हैदर : दोन नान. वरून रस्सा पुन्हा मागून घेतात.

तनुजा : आणि मला सांगतो, शुक्रवारी ओव्हरटाइम असतो. येऊ दे त्याला घरी आज. दाखवते ओव्हरटाइम.

हैदर : त्यांचं राहू द्या आत्ता. मावशींना कळलं तर?

तनुजा : तेच तर डोक्यात घोळतंय सकाळपासून. मागं शेजारच्या बारशात केकमध्ये अंडं होतं म्हणून कळलं, तर अन्न सोडून बसल्या होत्या. तेव्हा निभावलं. आता साखर आहे त्यांना. उपाशी राहिल्या आणि चक्कर येऊन पडल्या तर?

हैदर : आणि बाहेर बातमी फुटली तर? 'हैदरनं मुद्दाम माळकरणीला मांस चारलं', एवढंच पुरतं लोकांना आजकाल. मी कुणाकुणाला फोन केला होता ते कोण विचारणार?

तनुजा : माळकरीण नाही, महानुभाव.

हैदर : बघा! मला तेवढंही ठाऊक नाही.

तनुजा : मग ऐका. दुसरं काही मिळतं का, झाडपाल्याचं? ते ह्याच बाटलीत भरून द्या. त्यांना चव कळत नाही, अक्षर कळत नाही. झालं ते झालं. पुढं तरी बंद होईल.

हैदर : मक्यापासून बनवलेलं एक येतं. पदार्थ वेगळा, पण ह्याच कामाचा.

तनुजा : बास. तेच.

हैदर : न सांगता?

तनुजा : सांगून काय मिळवायचंय? तुमचं मन हलकं होईल आणि माझी सासू उपाशी मरेल.

हैदर : ठीक आहे. तुम्ही म्हणता तर... ठीक आहे. आल्या बघा.

(दगडाबाई पायऱ्या चढून दुकानात येते.)

दगडाबाई : कामून कुजबुजताय रं दोघं? बघितलं का हैदर, कशी चढले? कठड्याला हात बी लावला नाय म्या. आन तू गं, हापिस सोडून हितं काय करती?

तनुजा : तुमचंच औषध आत्या. हैदरभाई बाटलीत भरून देतायत.

दगडाबाई : दे बाबा. लई गुण आला. मांडी घालून बसाया येतंय, उठताना कुणाला हात मागावा लागत नाय. आन आणखी चार बाटल्या मागवून ठेव. मठातल्या बाया मंगळवारी यायच्या हायत तुझ्याकडं. म्या सांगितलं, डोळे झाकून घ्या, आपला माणूस हाय.

हैदर : मावशी, त्यांना नका पाठवू.

दगडाबाई : कामून? उधारी नाय मागणार त्या.

तनुजा : आत्या, माल नाही सध्या त्यांच्याकडं—

हैदर : नाही वहिनी, नाही होणार माझ्याच्यानं. एकीचं झालं ते झालं, आता आणखी चार बायका? मावशी, ह्या गोळीत मासा आहे.

दगडाबाई : कसला मासा?

हैदर : समुद्रातला. त्याच्या कुरकुऱ्या हाडाची भुकटी असते आत. तुम्ही घेतलीत ती सगळी त्याचीच होती.

दगडाबाई : थट्टा करतो व्हय रं?

हैदर : अल्लाची कसम, नाही.

तनुजा : आत्या, बसा. स्टुलावर बसा आधी.

दगडाबाई : सोड मला. हैदर, तुला ठावं व्हतं?

हैदर : मासा आहे हे ठाऊक होतं. तुम्ही खात नाही हे ठाऊक नव्हतं.

दगडाबाई : पोरगं शाळंत जात व्हतं तवापासून बसते म्या तुझ्या पायरीला. रोज दुपारी तुझ्या डोळ्यांसमूर भाकरी सोडते, तुझ्याच माठाचं पाणी पिते. कधी हाड दिसलं तुला माझ्या फडक्यात?

हैदर : नाही.

दगडाबाई : मग कामून वाटलं?

हैदर : गलती झाली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं होतं, कारण तिच्यासंगं ही चालत नाही. साखर विचारली. दमा विचारला. हे एक नाही विचारलं.

दगडाबाई : त्ये नाय म्या पुसत. तुला वाटलं कामून, त्ये सांग.

हैदर : असंच.

तनुजा : असंच नाही आत्या. सत्यम खातो बाहेर. ह्यांच्याबरोबर.

हैदर : वहिनी, कशाला!

तनुजा : तुम्ही एकट्यानं का ऐकून घ्यायचं? तो रस्सा मागून मागून खातो, आणि इथं मान खाली घालून तुम्ही उभे?

दगडाबाई : सत्यम? माझा सत्यम?

तनुजा : हो. मलाही आत्ताच कळलं.

दगडाबाई : म्हंजे पोरावरून माय ओळखली तू, हैदर.

हैदर : हो मावशी.

दगडाबाई : सरक, बसू दे मला. राग येतोय, रडू येतंय, आन कुणावर काढावं त्ये बी उमगंना. उपदेशी बाई म्या, मुंगी चिरडली तरी जीव चुकचुकतो माझा. आन रोज सकाळ-संध्याकाळ हातानं तोंडात टाकत व्हते.

तनुजा : न कळता झालं आत्या. औषध म्हणून झालं.

दगडाबाई : तोंड माझंच व्हतं न्हवं? पर खरं सांग हैदर, माझा गुडघा ह्याच्यानंच बरा झाला का?

हैदर : खरं सांगू? ठाऊक नाही. तुम्ही डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम पण करत होता. पाय लांब करून, फडक्याची गुंडाळी खाली ठेवून. त्यानंही होतं. गोळीचं असेल, व्यायामाचं असेल, दोन्हीचं असेल. मोठमोठ्या डॉक्टरांचं पण एकमत नाही.

दगडाबाई : लई भारी. म्हंजे पाप पक्कं आन गुण कच्चा!

हैदर : असंच म्हणा.

दगडाबाई : हसू नगस गं तनुजा.

तनुजा : हसत नाही आत्या. घाबरलेय मी. तुम्ही जेवण सोडाल ना आता?

दगडाबाई : सोडायचं का काय करायचं त्ये मठात बाबा सांगतील. म्या जाऊन पायावर डोकं ठेवीन, झालं त्ये सांगीन.

हैदर : सांगा, माझं नाव घेऊन सांगा. पण उपाशी राहू नका मावशी. साखरेची गोळी चालू आहे, पोटात अन्न नसलं तर साखर एकदम खाली जाते. बाबांना एवढं माझ्यातर्फे सांगा. पाहिजे तर मी येतो, बाहेर उभा राहून सांगतो.

दगडाबाई : बाहेर कामून? आत येऊन सांग. आत काय वाघ बसलाय? मक्याचं काय म्हणत व्हता मघाशी?

हैदर : ऐकलं होतं तुम्ही?

दगडाबाई : मका तेवढा ऐकला. वाटलं, भाव पुसताय कणसाचा.

हैदर : तसलं औषध येतं. पण आज लगेच देणार नाही. आतली भुकटी मक्याची असली तरी वरचं टरफल कशाचं असतं ते बघावं लागेल. बहुतेक टरफलं हाडाच्या चिकापासूनच करतात.

तनुजा : टरफलसुद्धा?

हैदर : हो वहिनी. मघाशी तुम्ही म्हणालात आणि मी भरून द्यायला निघालो होतो. परत तेच झालं असतं.

दगडाबाई : जाऊ दी. मला गोळीच नगं आता. गुंडाळी घीन पायाखाली, जेवढं चालतंय तेवढं चालंन. चल गं तनुजा, मेथी सुकली माझी. आन सत्यमला घरी काय बोलू नगस. आधी म्या बोलंन.

तनुजा : तुमच्या आधी मी.

हैदर : मावशी, उद्या बसाल ना इथं?

दगडाबाई : मग कुठं जाऊ? पर बाबा सांगत नाय तवर तुझ्या माठाचं पाणी घेणार नाय म्या. वाईट वाटून घेऊ नगस.

हैदर : वाटणार मावशी.

दगडाबाई : वाटू दे. मला बी वाटतंय. माठ मातर भरून ठेवत जा.