घंटेचा लोलक

हाडांच्या दवाखान्यातल्या बाकावर, माझ्या शेजारी, कमरेला पट्टा बांधलेली सासू आणि तिची कादंबरीकार सून बसल्या होत्या.

“आई, लोलकाच्या वजनाचं पोतं पाठीवर घेऊन जिना मी उतरणार होते.”

“तुझी पाठ लिहिण्यापुरतीच आहे गं. आणि संपादक काय म्हणाले होते? शत्रूला वाजवता येऊ नये म्हणून एकटी बाई घंटेचा लोलक पाठीवर घेऊन मनोरा उतरेल, हे अशक्य. प्रसंग काढा.”

“म्हणून तुम्ही उतरलात? कंबर धरली ना?”

“ती खाली पोतं टाकताना. उतरताना कुठे धरली?”

“इतिहास म्हणजे मेलेल्यांच्या उठाठेवी, असं म्हणायचात तुम्ही.”

“तेव्हा पाठीवर ते वजन नव्हतं. जिन्याच्या अंधारात ती बाई माझ्या एक पायरी पुढे चालली होती, बघ.”

“संपादकांना सगळं कळवलं. प्रसंग राहतोय.”

“राहणारच. फक्त एक दुरुस्ती कर.”

“कोणती?”

“तिला तू ऐन विशीतली केली आहेस. माझ्या वयाची कर.”

आतून बोलावणं आलं. सुनेने पुढे केलेला हात न धरता सासू उठली.