बारावी ओळ

एकानेही विश्वास ठेवला नाही हो. गंगू थापा मारते म्हणाले. तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगते — बसा, पलीकडची होडी यायला वेळ आहे — किनाऱ्याच्या हक्कांचा कागद झाला ना, त्यात माझी ओळ होती. रापणीची. रापण म्हणजे काय, होडी जाळं टाकून येते आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरी ओढायची — दोरीला हात लावला त्याला माशांचा वाटा, जुनी रीत. आणि हात बाईचा असला तर? तर वाटा नाही, मूठभर बांगडे. "घे गो, कालवणाक." नवरा गेल्यापासून बारा वर्षं ओढते मी. कालवणासाठी ओढते?

समुद्र एक, पंचायती तीन — मासा काय हद्द बघून येतो? म्हणून तिघांचा मिळून एक कागद करायचा ठरला. आठ महिने बैठका. माझ्या ओळीवर आमचे म्हणाले, द्या बायकांना वाटा, पण गावच्याच. खाडीपलीकडचे म्हणाले, फक्त विधवांना. तिसरे म्हणाले, आज बायका, उद्या खलाशी मागतील, मग आम्ही काय वाळू खायची? बाकी अकरा ओळी सगळ्यांना मान्य — होड्या कुठे लावायच्या, जाळी कुठे सुकवायची — जाळ्यालासुद्धा हक्क मिळाला बघा.

आणि शेवटच्या दिवशी आमचा सरपंच, भिकाजी, माझी ओळ खोडून मोकळा. असं मी सगळ्यांना सांगते. किशोरीलाही सांगितलं — माझ्या मागे दोरी धरायची ती, तिचा श्वास माझ्या पाठीला लागायचा. म्हणाली, "गंगूताय, माका सगळा ठावक आसा." आता दुसऱ्या टोकाला ओढते.

काय ठावक असणार तिला? ती होती बैठकीत? बायकांतर्फे मी एकटी. भिकाजी एवढंच म्हणाला, "गंगू, तुझ्या एका ओळीपायी तीन गावां अडाकली. काय करूया, तूच सांग." सगळे माझ्याकडे बघत राहिले. तोवर बारा वर्षांत मला कोणी काही विचारलं होतं? कोणीतरी खुर्ची पुढे केली. चहा आला, तो आधी मला, मग सरपंचाला. मी म्हटलं, ऱ्हवांदे, फुडच्या खेपेक बघूया. पेन माझ्याच हातात दिलं त्यांनी. चौथी शिकलेय, रेघ मारता येते.

होडी लागली तुमची, उठा. चपला हातात घ्या. पलीकडे उतरलात की किशोरी मासे घेऊन बसलेली असेल, विचारील, गंगू काय सांगत होती म्हणून. सांगा, ओळ खोडली ती भिकाजीने नव्हे — गंगूने.