साडेसहा बोटं

मिस्त्री : साडेसहा बोटं. लिहा.

ताई : लिहिलं.

मिस्त्री : काय लिहिलंत?

ताई : ‘होय.’

मिस्त्री : मी साडेसहा म्हणालो.

ताई : मिस्त्रीकाका, रकान्यात प्रश्नच तेवढा आहे. ‘भिंतीवर लक्ष ठेवले का?’ तुम्ही ओळंबा लावून आलात, म्हणजे ठेवलंत. होय.

मिस्त्री : म्हणजे चौदा महिने मी दर एक तारखेला शिडी खांद्यावर टाकून जातोय, भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडतोय, खाली गुडघे टेकून मोजतोय, दोन, अडीच, साडेतीन, पाच... आणि तुम्ही चौदा वेळा नुसतं ‘होय’ लिहिलंत?

ताई : तेरा वेळा. एकदा मी रजेवर होते, तेव्हा शिपायाने ‘हो’ लिहिलं. ते परत आलं. नमुन्यात ‘होय’ आहे म्हणून.

मिस्त्री : हे बघा, जोखीमताई...

ताई : तेवढं नका हो म्हणू. दोन दिवसांचं प्रशिक्षण काय घेऊन आले, अख्खी शाळा मला जोखीमताई म्हणायला लागली. परवा डॉक्टरकडे तोंडून तेच नाव गेलं. त्यांनी लिहूनही घेतलं.

मिस्त्री : मला हसवू नका. मी तापलोय. भिंत बालवाडीच्या अंगणात झुकलीये. खाली बाकं आहेत. मधल्या सुट्टीत एकवीस पोरं तिथे बसून डबा खातात.

ताई : नोंद आहे ना. जोखीम क्रमांक नऊ. पद्धत चांगली आहे काका, खरंच सांगते. आधी धोका हुडकायचा, मग त्याला गुण द्यायचे, गुणांवरून उपाय ठरवायचा, आणि मग लक्ष ठेवायचं.

मिस्त्री : किती गुण मिळाले माझ्या भिंतीला?

ताई : मी वीस दिले होते. पडण्याची शक्यता चार, पडल्यावरचं नुकसान पाच. चार पंचे वीस. पंधराच्या वर गेलं की ओळ लाल, आणि लाल म्हटलं की ताबडतोब काम.

मिस्त्री : दिले होते म्हणजे? आता किती आहेत?

ताई : सहा. पिवळं. पिवळ्याला नुसतं लक्ष ठेवायचं.

मिस्त्री : भिंत साडेचार बोटं पुढे आली आणि गुण चौदा मागे गेले?

ताई : समितीत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, ही भिंत आजवर एकदाही पडलेली नाही, मग शक्यता चार कशी? दोन करा.

मिस्त्री : एकदाही पडलेली नाही! अहो, एकदा पडली असती तर दुसऱ्यांदा पडायला उभी राहिली असती का?

ताई : विचारलं मी. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढं आलंय.

मिस्त्री : आणि नुकसान? पाचाचं तीन कसं झालं?

ताई : रागावू नका.

मिस्त्री : रागावणार.

ताई : बालवाडीची मुलं अर्धी धरतात.

मिस्त्री : काय धरतात?

ताई : अर्धी. तिकीट अर्धं असतं ना, तसं. एकवीसची साडेदहा झाली. मग नुकसान आपोआप खाली आलं.

मिस्त्री : साडेदहा. बरं. त्यातलं अर्धं पोर कोणतं, तेवढं मला दाखवा. नाव सांगा त्याचं. आणि अर्धं म्हणजे वरचं धरलंय की खालचं? भिंत वरून येते, म्हणून विचारतो.

ताई : काका, आवाज.

मिस्त्री : आवाज! माझी नात बसते तिथे. दुसऱ्या बाकावर, लाल डबा. समितीपुढे मी स्वतः उभा राहिलो होतो. टोपी हातात घेऊन सांगितलं, भिंत मी बांधलीये, मला तिची नाडी कळते.

ताई : म्हणूनच तुमचं म्हणणं धरलं नाही. नात त्या वर्गात म्हणजे तुमचा हितसंबंध आला. तुम्ही निःपक्षपाती नाही.

मिस्त्री : मग निःपक्षपाती कोण? ज्याचं कुणीच त्या भिंतीखाली बसत नाही, तो?

ताई : समितीत तसेच आहेत सगळे. निवडूनच घेतलेत.

मिस्त्री : उद्यापासून पोरीला घरी ठेवतो.

ताई : ठेवा.

मिस्त्री : आणि उरलेल्या वीस जणांचं काय? की दहा म्हणू?

ताई : दहा नका म्हणू, काका.

मिस्त्री : मी भिंत आडोशाला बांधली होती हो. आडोशाला! नंतर पलीकडे गाड्या लावायला म्हणून शाळेने तिथे छातीइतका मातीचा भराव घातला. दर पावसात ती माती फुगते आणि ढकलते. आडोसा तो, तो काय भार पेलणार? आज भराव उपसा, गाड्या हलवा, उद्या मी भिंत उतरवतो. दोन दिवसांचं काम.

ताई : पहिलीच गाडी मोठ्या बाईंची आहे. आणि सोमवारी तपासणी आहे. एकही लाल ओळ नसली तर ‘सुरक्षित शाळा’ अशी पितळी पाटी मिळते.

मिस्त्री : ती कुठे लावणार?

ताई : फाटकातून दिसेल अशा जागी.

मिस्त्री : म्हणजे कुठे?

ताई : त्याच भिंतीवर. खिळे ठोकायला तुमचं नाव आहे.

मिस्त्री : ताई, या शाळेत कुठलीच ओळ कधी लाल झाली नाही का?

ताई : झाली ना. मोठ्या बाईंच्या खुर्चीचं चाक. रोज डगमगायचं म्हणून शक्यता पाच, आणि पडल्या असत्या तर नुकसान पाच. पंचवीस. दुसऱ्या दिवशी नवी खुर्ची आली. म्हणून म्हणते, पद्धत चालते.

मिस्त्री : त्या एकट्याच पाच?

ताई : त्या पूर्ण तिकिटात येतात.

मिस्त्री : चलतो मी. पुढच्या महिन्यात बोटं मोजायला दुसरा माणूस बघा. लांब बोटांचा बघा.

ताई : बसा. दार लोटा आधी. एक नियम आहे. कुणी वाचत नाही, कारण तो सत्तेचाळिसाव्या पानावर आहे आणि सगळ्यांचा चहा तिसऱ्या पानावर येतो.

मिस्त्री : बोला.

ताई : मी वहीत लिहिते, मग तीन दिवसांत ते कॉम्प्युटरवर चढवते. एक तारखेची नोंद तीन तारखेपर्यंत चढली नाही, तर ओळ आपोआप लाल होते. तिथे समिती नाही, चर्चा नाही. वरच्या कार्यालयालाही दिसते. आणि लाल ओळीवर प्रमुखांनी सही करायची, ती टेबलावर नाही. धोक्याच्या जागी जाऊन.

मिस्त्री : म्हणजे मी भिंतीकडे बघत राहिलो की भिंत धडधाकट, आणि पाठ फिरवली की धोका?

ताई : कागदावर.

मिस्त्री : मी आजवर एक काम चुकवलेलं नाही, ताई.

ताई : एवढं चुकवा.

मिस्त्री : तुम्ही ‘होय’ लिहून बसलात की.

ताई : पेन्सिलीने.

मिस्त्री : तुमच्या नोकरीचं काय?

ताई : विसरले म्हणेन. जोखीमताई विसरली, यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसेल.

मिस्त्री : आणि हे तीन दिवस? पोरं बसणारच की तिथे.

ताई : बाकांना रंग द्या. डब्याची जागा बदलायला परवानगी लागते, पण ओल्या रंगावर कुणी बसवत नाही. आज पहिला हात, उद्या दुसरा. पोरं व्हरांड्यात जेवतील.

मिस्त्री : परवा तिसरा. द्या तो खोडरबर इकडे.

ताई : फक्त पुढच्या पानावरचं आजचं ‘होय’ खोडा. मागच्या पानाला हात लावू नका.

मिस्त्री : मागे काय आहे?

ताई : तुमची बोटं. दोन, अडीच, साडेतीन... सगळी, तारखेनिशी. ती मी शाईने लिहिलीयेत.

(चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी, बालवाडीच्या अंगणात.)

मोठ्या बाई : हा काय पोरखेळ आहे? तपासणी तोंडावर आणि क्रमांक नऊ लाल! वरून दोन फोन आले मला. मिस्त्री, लक्ष का ठेवलं नाहीत?

मिस्त्री : राहून गेलं, बाई.

मोठ्या बाई : चौदा महिन्यांत कधी राहिलं नाही ते?

मिस्त्री : वय झालं.

मोठ्या बाई : मग आत्ता ठेवा. बघा भिंतीकडे. बघितलंत? झालं. ताई, लिहा ‘होय’.

ताई : आता नाही चालत. लाल झाल्यावर आधी तुमची सही. पान सत्तेचाळीस.

मोठ्या बाई : आणा ती वही.

ताई : जागेवर उभं राहून करायची आहे, बाई.

मोठ्या बाई : उभीच आहे की मी!

ताई : ‘धोक्यापासून एक हाताच्या अंतरावर,’ असं छापलंय. तुम्ही वीसेक पावलं लांब आहात.

मोठ्या बाई : मला इथून व्यवस्थित दिसतंय.

मिस्त्री : या ना, बाकांपर्यंत तरी या. दुसऱ्या बाकावर टेका जरा. रंग वाळलाय.

मोठ्या बाई : खाली माती आहे. चप्पल नवी आहे माझी.

मिस्त्री : भिंतीतून येतेय ती माती. पलीकडून, तुमच्या गाडीच्या चाकाखालची.

ताई : शक्यता दोनच आहे, बाई.

मिस्त्री : आजवर एकदाही पडलेली नाही.

मोठ्या बाई : टोमणे मारू नका मला! मिस्त्री... ती मधली फट. तिच्यात माझा हात जाईल.

मिस्त्री : जाईल. घालून बघता?

मोठ्या बाई : एवढी कधी झाली ती?

ताई : तारखा आहेत. मागच्या पानावर. वाचू?

मोठ्या बाई : नको.

मिस्त्री : घंटा झाली, बाई. पोरं डबे घेऊन निघाली.

मोठ्या बाई : थांबवा! थांबवा त्यांना! सगळ्यांना आत घ्या, कुणी या बाजूला फिरकायचं नाही!

ताई : सगळ्यांना म्हणजे साडेदहा ना?

मोठ्या बाई : एकवीस! एकवीसच्या एकवीस!

ताई : लिहिते. शाईने.

मोठ्या बाई : आणि गाड्या हलवायला सांगा. माझी आधी. आणि तो भराव... मिस्त्री, ही आलीच खाली तर कुठपर्यंत येईल? मुलांना कुठवर सोडायचं नाही?

मिस्त्री : तुम्ही आहात तिथेच उभ्या राहा, बाई. हलू नका.

मोठ्या बाई : का? काय झालं?

मिस्त्री : काही नाही. तुमच्या पायाशी चुन्याची रेघ मारून घेतो.